उकंडा फिटरचा पितळी दट्ट्या

खोका उघडला तेव्हा उकंडा नगराळेला आधी हसू आलं. दोन माणसांनी धरून आणलेला खोका. त्यातून पुठ्ठे निघाले, थर्माकोल निघाला, फुग्याफुग्यांचा कागद निघाला, आणि सगळं निघून संपल्यावर जे बाहेर आलं ते दुधाच्या कॅनएवढं. चकचकीत, पोट पुढं काढलेलं. छातीवर घड्याळासारखा एक काटा, आणि समोर कुणी कान धरून पिळावा तशी एक मूठ.

"एवढंच?" उकंडानं विचारलं.

"एवढंच म्हणजे? एस्प्रेसो मशीन आहे बाबा. पंधरा बारचं प्रेशर आहे," त्याचा मुलगा इंद्रजित म्हणाला.

काट्याखाली बारीक आकड्यांत पौंडही छापले होते. उकंडानं चष्मा पुसून ते वाचले. दोनशेच्या जरा वर. एवढ्या दाबात राळेगावच्या, रुईच्या गाठी बांधणाऱ्या जुन्या प्रेसचा पंप आळससुद्धा झटकत नसे.

"काय दाबते हे?"

"कॉफीचा चुरा दाबून भरायचा. त्यातून गरम पाणी जातं. पंचवीस-तीस सेकंदांत एवढी कॉफी येते." इंद्रजितनं बोटाची दोन पेरं दाखवली.

उकंडानं बायकोकडं पाहिलं. "रुखमे, तुयी चहाची गाळणी फेकू नको बरं. दोन पेरात पावणा उठून जाईन."

रुखमाबाई पदर तोंडाशी नेऊन हसली. इंद्रजित हसला नाही.

हे मशीन निवडायला त्याला तीन महिने लागले होते. तो पुण्याच्या कंपनीत होता, पण करोनाच्या वर्षी घरी आला तो घरूनच काम करायला लागला, आणि तेव्हापासून त्याला राळेगावात एकेक गोष्ट कमी दिसू लागली होती. तीन महिने तो ताटाशेजारी मोबाईल उभा करून जेवला. मोबाईलमध्ये हातावर गोंदलेले दाढीवाले लोक कॉफीचा चुरा तराजूत तोलत बसलेले असत. त्यांच्यापेक्षा सोनार बरा, तो निदान सोनं तोलतो, असं उकंडाला वाटे. इंद्रजितनं पुण्याच्या मित्राला विचारलं. बंगळूरच्या एका माणसाला विचारलं, ज्याचं तोंड त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. दळणारं मशीन, न दळणारं मशीन, बटणाचं, दांड्याचं, अशी यादी करून भिंतीला चिकटवली. बायकोला विचारलं, प्रियंका शाळेत शिक्षिका, ती सकाळच्या घाईत म्हणाली, "धुवायला सोपं असेल ते घ्या." घरात एक माणूस असा होता की ज्यानं सगळी हयात पंप, पाणी आणि दाब यांच्याबरोबर घालवली होती. त्याला कुणी विचारलं नाही.

उकंडा हे नाव आजीनं ठेवलेलं. आधीची दोन लेकरं गेली म्हणून तिसऱ्याला उकिरड्यावर टेकवून उचललं, मरणाला वाटावं की हे टाकून दिलेलं आहे. ते लेकरू जगलं आणि अडुसष्ट वर्षांचं झालं. इंद्रजित मात्र बापाचं नाव पूर्ण लिहीत नसे. कंपनीच्या कार्डावर 'इंद्रजित यू. नगराळे' होतं. यू म्हणजे काय, हे पुण्यात कुणी विचारलं नव्हतं.

सतराव्या वर्षी उकंडा प्रेसमध्ये लागला तो रुई तुडवायला. जुन्या प्रेसला खोल पेटी असे. तिच्यात वरून रुई ओतत, आणि चार जण आत उतरून ती पायांनी तुडवत. फेर धरल्यासारखं गोल फिरायचं, कोपऱ्यात टाच द्यायची, मधे तळवा द्यायचा. मग बाहेर यायचं, झाकण लागायचं, आणि पाण्याच्या दाबानं लोखंडी दट्ट्या रुईला रेटत जायचा. घरभर फुगलेली रुई दाबून दाबून एक गाठ व्हायची, अशी घट्ट की तिच्यावर उभं राहून नाचलं तरी बोट रुतणार नाही. पण तुडवणाऱ्याचा पाय एका अंगाला हलका पडला, तर गाठ वाकडी निघे आणि तिच्यावरची लोखंडी पट्टी तटकन तुटे. उन्हाळ्यात रुई कोरडी होऊन उडे, तेव्हा तिच्यावर पाण्याचा हलका शिपका मारावा लागे. हे उकंडाला शाळेनं शिकवलं नाही. त्याच्या तळपायांनी शिकवलं.

तुडवणाऱ्याचा तो तेलवाला झाला, तेलवाल्याचा फिटर झाला. पस्तीस वर्षांत एकदाच त्यानं आवाज चढवला. गाठी वाकड्या निघत होत्या आणि नवा मॅनेजर, टाय लावणारा, मालकाला सांगत होता की मशीन खराब आहे, बदलून टाका. उकंडानं एक गाठ मालकासमोर फोडली, रुईचा पापुद्रा न् पापुद्रा उलगडला आणि दाखवलं की डावीकडचा कोपरा कुणी तुडवलाच नव्हता. "मशीनले तोंड नाई म्हून तिच्यावर ढकलता काय?" असं तो त्या टायवाल्याला म्हणाला होता. मशीन वाचलं. मॅनेजर पुढच्या हंगामात दिसला नाही.

मग एके वर्षी प्रेसच बंद पडलं. नव्या प्रेसांना तुडवणारे लागत नाहीत. निघताना मालकानं विचारलं, काय पाहिजे. उकंडानं फिटरचं टेबल मागितलं. चार बोटं जाड सागवानी फळी, लोखंडी पाय, आणि एका टोकाला नग पकडायचा वाइस, ज्याचे जबडे दोन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेले. बंडीला बैल जुंपून ते टेबल घरी आणलं आणि समोरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली ठेवलं. तेव्हापासून राळेगावच्या आसपासचा एकही फवारणीचा पंप त्या वाइसात धरल्याशिवाय मेला नाही. लोक यायचे. पंप घ्यायचा तर कोणता घेऊ, मोटर का थरथरते, वायसर का फाटते, हे उभं राहून विचारायचे. उकंडा लगेच उत्तर देत नसे. आधी हात पुसायचा. विचारणाराला जरा उभं ठेवायचा. त्या उभं ठेवण्यातच त्याचं म्हातारपण चाललं होतं, बाकी काय होतं त्याच्याकडं!

आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इंद्रजितनं ते चकचकीत मशीन ठेवलं, कारण मोठ्या प्लगची जागा तिथंच होती.

"हे आता आठ दिवस इथं राहील," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत परत करता येतं. जमलं तर मग इथं ग्रॅनाइटचा ओटा घालू, वर कपाट. टेबल भंगारात देऊन टाकू बाबा. किती जागा खातं!"

"अन् नाई जमलं त?"

"नाही जमलं तर मशीन परत. मग राहू दे तुमचं टेबल."

एवढं सरळ बोलून तो आत गेला. उकंडानं वाइसाची मूठ धरली, जरा फिरवली, पुन्हा सोडली. मग तो त्या मशीनकडं पाहत राहिला. एवढ्याशा किटलीनं त्याला घरातून उठवायचं ठरवलं होतं.

मंगळवारी पूनमसिंग आला. तो तांड्यावरचा; प्रेसच्या पेटीत उकंडाच्या बरोबरीनं तुडवलेला. रोज सायकलवर येई, दारात रामराम घाली, उकंडा जयभीम म्हणे, आणि पन्नास वर्षांत दोघांनीही आपापला शब्द बदलला नव्हता.

"हे काय बे उकंड्या? दवाखाना टाकला काय?"

"कॉफी हाये. पेशल. आमच्या साहेबाची."

इंद्रजितनं उत्साहानं दोन कप काढले. बिया हाताच्या चक्कीत दळल्या, तर अर्धा चुरा चक्कीलाच चिकटला आणि उरलेला टेबलावर उडाला. मुठीच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या गाळणीत त्यानं चुरा भरला, सोबत आलेल्या काळ्या प्लास्टिकच्या दट्ट्यानं दाबला, मूठ पिळून लावली, बटण दाबलं. मशीन घरघरलं. काटा तिनावर जाऊन मान टाकून बसला. आठ सेकंदांत कप भरला. पातळ, पिवळट, वर फेस म्हणून साबणाचं पाणी असावं तसं काहीतरी.

पूनमसिंगनं घोट घेतला, तोंडात धरला आणि बाहेर जाऊन थुंकून आला.

"गड्या, मायी म्हैस पान्हा चोरे तवा तिले असाच काढा पाजला होता," तो म्हणाला. "पर तिनं बी नाई पेला."

"काका, अजून सेटिंग व्हायचंय," इंद्रजित म्हणाला.

"होऊ दे, होऊ दे. म्हशीचं बी लय दिवसानं झालं."

उकंडा इतका हसला की त्याला ठसका लागला. रुखमाबाईनं चहा आणला, आलं घातलेला, दाट, आणि दोघं म्हातारे बशीत ओतून फुर्र करून प्याले. इंद्रजित एकटाच आपली पिवळी कॉफी पीत उभा राहिला. त्याला ती आवडत असल्याचं तोंड करावं लागत होतं. उकंडाला त्याची जरा कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला.

बुधवारी इंद्रजितनं बिया बदलल्या. गुरुवारी चुरा बारीक केला, तर पाणी गाळणीच्या एका कडेनं पिचकारीसारखं उडालं आणि त्याच्या कंपनीच्या मीटिंगच्या शर्टावर बसलं. प्रियंका शाळेतून आली, शर्ट पाहिला आणि म्हणाली, "धुवायला सोपं घ्या म्हटलं होतं मी." शुक्रवारी त्यानं मोबाईल उभा करून, त्यातल्या दाढीवाल्याबरोबर हात हलवत, एकामागून एक अकरा कप काढले आणि अकराही मोरीत ओतले. सबंध घराला जळक्या चिंचोक्यांचा वास आला. रुखमाबाई मोरी धुताना म्हणाली, "एका कपाले एवढं सोंग! आमच्यावेळी बाळंतपण याच्यापरीस सोपं होतं."

उकंडा काही बोलला नाही. कारण त्याला बुधवारीच कळलं होतं.

बुधवारी इंद्रजित आत गेल्यावर त्यानं टोपलीतली वापरलेली कॉफीची चकती उचलली. पाहू नये असं त्यानं ठरवलं होतं, पण हातानं ऐकलं नाही. चकती तळहातावर ठेवून त्यानं ती उजेडात धरली. एका कडेला बिळासारखं भोक. त्या बाजूचा चुरा धुऊन निघालेला, दुसऱ्या बाजूचा आतून कोरडा. बोटानं फोडली तर आत बारके खडे. त्याला डावा कोपरा न तुडवलेली गाठ आठवली. पाण्याला कडेची मोकळी वाट मिळाली. ते कशाला मधून जाईल? आणि पाणी अडलंच नाही तर काटा चढणार कशाच्या जोरावर?

मग त्यानं कॅलिपर घेतला. गाळणी आतून बरोबर दोन इंच. प्लास्टिकचा दट्ट्या पाऊण सूत कमी. म्हणजे कितीही दाबा, कडेनं चुरा मोकळाच. साऱ्या दुनियेला विचारून, यादी करून, तीन महिने घालवून पोरानं मशीन आणलं आणि दट्ट्या भोकात बसतो का एवढं पाहिलं नाही. हे तर फवारणीचा पंप घेणारा न शिकलेला माणूसही पाहतो! उकंडानं चकती टोपलीत टाकली, हात धोतराला पुसला आणि ओठ मिटून घेतले. पाच दिवस. पाच दिवस गप्प बसायचं. मशीन आल्या वाटेनं जाईल आणि टेबल फोटोंखाली राहील. आयुष्यात यापेक्षा सोपं काम त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

शनिवारी दुपारी इंद्रजितनं कंपनीला फोन लावला, टेबलाशी उभं राहून, आवाज मोठा ठेवून.

"मशीन डिफेक्टिव्ह आहे," तो सांगत होता. "पंप वीक आहे. हो, प्रेशरच बनत नाही. नाही, माझी पद्धत बरोबर आहे, मी तीन महिने अभ्यास केलाय. पंपातच फॉल्ट आहे."

उकंडा वाइसाजवळ एका वायसरला तेल लावत होता. त्याचं बोट थांबलं.

पंपात काही फॉल्ट नव्हता. गुरुवारी इंद्रजित शर्ट धूत असताना त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं पातं मशीनच्या पाठीला टेकवून मूठ कानाला लावली होती आणि बटण दाबलं होतं. फिटर असंच ऐकतात. डॉक्टरची नळी नंतरची. आत पंप एका लयीत चालत होता, लहान, जलद, निरोगी, पाखराच्या छातीसारखा. कुठं खरखर नाही, कुठं दम लागणं नाही.

इंद्रजितनं फोन ठेवला. "सोमवारी दुपारी उचलायला येतील," तो म्हणाला, आणि पराभव झाकायला मुद्दाम मोठ्यानं, "बोगस मशीन! आपल्याकडं मालच असा येतो."

"मशीन बोगस?" उकंडानं विचारलं.

"मग काय तर."

"अन् हात?"

"बाबा, तुम्हाला यातलं काही माहीत नाही. हे वेगळं असतं."

उकंडा पुन्हा वायसरला तेल लावू लागला. टेबल वाचलं होतं. दोन दिवसांनी ते डबडं खोक्यात बसून जाणार होतं, कपाळावर 'पंप वीक' असं लिहून घेऊन. तिकडं कुणीतरी ते उघडेल, पंप काढून फेकेल. चांगला चालणारा पंप. त्याला टाय लावलेला मॅनेजर आठवला. आणि हा टाय आपल्याच पोराच्या गळ्यात कधी बसला हे त्याला समजेना.

संध्याकाळी पूनमसिंगला त्यानं सगळं सांगितलं.

"मंग बस न चूप," पूनमसिंग म्हणाला. "तुये काय जाते?"

"पंप चांगला हाये बे."

"असू दे. तुये टेबल मोठं का थो पंप?"

"टेबलच मोठं."

"मंग?"

पूनमसिंगनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला, "येडा हायेस तू. पेटीत होता तवाबी येडाच होता. सारे पाच फेऱ्यात बाहेर निंघत, तू सहावा मारे."

रविवारी सकाळी इंद्रजित आणि प्रियंका यवतमाळला गेले. उकंडानं टेबलाखालचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात एका तेलकट फडक्यात प्रेसच्या पंपाचा जुना पितळी दट्ट्या होता. मुठीत मावेल एवढा, लोण्यासारखा पिवळा, दोन इंचांहून केसभर मोठा. प्रेस मोडलं तेव्हा त्यानं तो उचलला होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं तो वाइसात धरला आणि कानस लावली.

दुपारपर्यंत कानस चालली. केसभर पितळ काढायचं म्हणजे हात धावू द्यायचा नाही. दहा वेळा घासायचं, फिरवायचं, कॅलिपर लावायचा, पुन्हा दहा वेळा. पितळेची पूड सागवानी फळीवर हळदीसारखी पडत गेली. शेवटी पॉलिश पेपर लावला, आणि दट्ट्या गाळणीत सोडला तर तो आपल्याच वजनानं, हवेला हळूच बाहेर सारत, खाली उतरला. कडेनं केससुद्धा जाईना.

रुखमाबाई दारात उभी होती. ती कधीपासून होती कोण जाणे.

"माहीत हाये न, हे जमलं त काय होईन?" ती म्हणाली.

"माहीत हाये."

"मंग कायले?"

"खोटं बोलला थो. मशीनबद्दल."

"सांगा न मंग तसं त्याले."

"सांगून समजत असतं त तीन महिने पडदा पाह्यत बसला असता काय?"

आत जाऊन तिनं चहा टाकला आणि कप आणून वाइसाशेजारी ठेवला, जिथं गेली पंधरा वर्षं ठेवत होती तिथंच.

सोमवारी सकाळी इंद्रजित मशीन पुसायला आला, खोक्यात भरायला. उकंडा टेबलाशी बसला होता.

"इंद्या, इकडं ये. बिया आण."

"बाबा, दुपारी माणूस येणार आहे."

"येऊ दे. तवरोक आण."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. इंद्रजितनं बिया आणल्या. उकंडानं बोट पाण्यात बुडवलं, झटकलं आणि उरलेल्या ओलीनं बिया हातानं कालवल्या.

"पाणी? अहो बाबा, बियांना पाणी लावत नाहीत!"

"कोरडी रुई उडते. चूप पाह्य."

चक्की फिरली. चुरा भांड्यात अलगद पडला, कुठं चिकटला नाही, कुठं उडाला नाही. इंद्रजितचं तोंड जरा उघडं राहिलं. उकंडानं चिमूट बोटांत चोळली. बेसनाहून जरा रवाळ. चक्कीचा आटा एक दात सैल केला, पुन्हा चोळली, मान हलवली. चुरा गाळणीत ओतला आणि गोधडीच्या सुईनं तो तळापासून मोकळा केला, गोल गोल, कडेपासून मधे, कोपरे नसलेल्या पेटीत कोपरे शोधत असल्यासारखा. मग पितळी दट्ट्या वर ठेवला. कोपर सरळ केलं. जोर लावला नाही. नुसतं आपलं वजन खाली जाऊ दिलं, जसं पूर्वी टाचेवर जाऊ द्यायचा.

"दाब म्हंजे मारामारी नसते," तो म्हणाला. "लाव मूठ."

इंद्रजितनं मूठ पिळली. टेबल हललं नाही. बटण दाबलं.

पाच-सात सेकंद काहीच आलं नाही. काटा मात्र उठला. तीन, पाच, सात. आणि नवावर जाऊन उभा राहिला, पहाऱ्यावरच्या शिपायासारखा. मग गाळणीच्या तळाशी दोन काळे थेंब धरले, ते एक झाले, आणि एक धार सुटली, उंदराच्या शेपटीएवढी, घाण्यातून सरकीचं तेल यावं तशी जाड, लालसर, न तुटणारी. खोलीत वास पसरला. पहिल्यांदाच जळका नव्हता.

इंद्रजितनं कप तोंडाला लावला. डोळे मिटले. तो बोलला तेव्हा पुण्याची सगळी मराठी गळून पडली होती.

"बाबा, हे... हे त लय भारी होऊन राह्यलं न!"

"पंप वीक हाये म्हने."

इंद्रजितनं खाली पाहिलं.

"लाव फोन. सांग त्याहिले, पंपात काई नाई. हातात होतं."

"कॅन्सल करतो ना पिकअप."

"कॅन्सल मंग कर. आंधी ते सांग."

इंद्रजितला ते बाप समोर असताना सांगावं लागलं. पलीकडच्या मुलीला त्यात काही रस नव्हता. तिनं धन्यवाद म्हणून फोन ठेवला. उकंडाला तेवढं पुरलं. मग त्यानं उरलेला घोट चाखून पाहिला. विषासारखा कडू. यासाठी माणसं पुण्यात रांगा लावतात? त्यानं तो मोरीत थुंकला आणि रुखमाबाईला चहा मागितला.

त्याला वाटलं होतं का, की पोरगं आता टेबलाबद्दल काही म्हणेल? वाटलं असावं. दोन दिवस तो जरा जास्तच हळू हळू काम करत होता. इंद्रजित त्या दोन दिवसांत पुण्याच्या मित्रांना फोनवर चढत्या काट्याची चित्रं पाठवत होता. "फादरनी टॅम्पर बनवला, हँडमेड, व्हिंटेज ब्रास!" असं एकाला कौतुकानं सांगतानाही उकंडानं ऐकलं. त्यात उकंडा हे नाव कुठं नव्हतं, पण कौतुक खरं होतं, आणि ते खरं असूनही इतकं उथळ होतं की त्याच्यात पाय बुडला नसता. गुरुवारी ग्रॅनाइटवाला माप घेऊन गेला. शनिवारी फरशी आली, आणि तिच्यामागून भंगारवाल्याचा हातगाडा.

"बाबा, वाइस ठेवू का? आठवण म्हणून? ओट्यावर शोपीससारखा छान दिसेल."

"आठवणीचं काय लोणचं घालू?" उकंडा म्हणाला. "टेबलाशिवाय वाइस म्हंजे नुसतं तोंड. जाऊ दे."

त्यानं स्वतःच पान्हा घेतला आणि वाइसाचे बोल्ट ढिले केले, कारण भंगारवाल्याची पोरं हातोडा घालणार होती. बोल्ट सुटताना कुरकुरला नाही. दर दिवाळीला तेल घातलेला होता. टेबल चौघांनी उचललं तेव्हा भिंतीवर त्याच्या उंचीची एक काळी रेघ उरली. रुखमाबाईनं चहाचा कप हातात धरला होता. तो कुठं ठेवावा हे तिला क्षणभर समजेना, मग तिनं तो नवऱ्याच्या हातातच दिला.

ओटा बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक जण फवारणीचा पंप घेऊन आला. दारातून त्यानं काळ्या चकचकीत ओट्याकडं पाहिलं, चपला काढाव्या की नाही या विचारात पडला, आणि काही न विचारता परत गेला. उकंडानं ते खाटेवरून पाहिलं. तो उठला. ओट्यापाशी गेला. मशीनशेजारी पितळी दट्ट्या ठेवलेला होता. त्यानं तो उचलला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि परत खाटेवर येऊन बसला. खिसा एका बाजूला लोंबला.

पुढच्या सकाळी सातला इंद्रजित उठला. बिया दळल्या, चुरा सुईनं मोकळा केला, आणि हात दट्ट्याकडं गेला तर दट्ट्या नाही. ओट्याखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, प्रियंकाला विचारलं. शेवटी काळा प्लास्टिकचा शोधून काढला. काटा तिनावर बसला आणि पिवळं पाणी आलं.

"बाबा, तो ब्रासचा पाहिलात का?"

उकंडा अंगणात दात घासत होता. त्यानं चूळ भरली, टाकली. तोंड धुतलं, टॉवेलानं पुसलं. मग हात पुसले. मग एकेक बोट पुसलं.

"कोनता?"

"टॅम्पर."

"मायाकडं टॅम्पर नाई."

इंद्रजितनं खिशाकडं पाहिलं. खिसा लोंबत होता. त्याच्या लक्षात आलं, आणि त्याच्या तोंडावर ज्या गतीनं ते आलं त्याची उकंडाला मौज वाटली. पूनमसिंगची म्हैस याहून लवकर समजत असे.

"थो दट्ट्या द्या न, बाबा."

उकंडानं त्याला जरा उभं ठेवलं. मग खिशातून पितळी दट्ट्या काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"काम झालं की वापस आनून दे," तो म्हणाला. "पुसून."

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता इंद्रजित यू. नगराळे खाटेसमोर येऊन उभा राहतो. आधी तो नुसता हात पुढं करी. तेव्हा उकंडाला ऐकू येत नसे. आता तो नीट विचारतो. मग हवी तशी कॉफी येते, काटा नवावर उभा राहतो, आणि दट्ट्या पुसून परत खिशात जातो. म्हातारा ती कॉफी अजून तोंडाला लावत नाही. गुरांच्या काढ्यासाठी जगात एवढी माणसं उठून बसतात, याचं त्याला अजून हसू येतं.